हुबेहूब दुखणं

"नाटक बंद," असं म्हणत आमचे सुपरवायझर उजवा हात बरगडीखाली दाबायचे, कमरेत वाकायचे आणि रोझी होऊन कॅन्टीनभर चालायचे. आम्ही हसायचो. असा एखादा तुमच्याकडेही असेल. त्याच्या विनोदाला हसलं की आपली पाळी टळते, हे मी तुम्हाला काय सांगू?

सातिवलीच्या प्लास्टिक डब्यांच्या कारखान्यात मी डिस्पॅच बघायचो. रोझी पाचूबंदरची, पॅकिंगला होती. एका लग्नातलं तेलकट जेवण तिला बाधलं आणि कळा सुरू झाल्या. कळ बरगडीखालून निघून पाठीत, उजव्या खांद्यापर्यंत जायची. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशनसाठी तिने रजा मागितली, तर सुपरवायझर साहेब म्हणाले, "खडे तांदळातही असतात. निवडून टाक." दिवाळीची ऑर्डर संपेपर्यंत ती वाकून मशीनपाशी उभी राहिली. साहेबांची नक्कल रोज सुधारत गेली.

पुढे तिचं पित्ताशय काढलं. ती बरी होऊन कामावर आली, तेव्हा साहेबांनी विचारलं, खडे आणलेस का, कुंपणाची भिंत बांधायची आहे.

काही महिन्यांनी साहेब कॅन्टीनमध्ये वडे खाऊन उठले आणि बरगडीखाली हात दाबून वाकले. टाळ्या पडल्या. ते टेबल धरून खाली बसले, कण्हले. आम्ही आणखीच हसलो. इतकं छान त्यांना कधी जमलं नव्हतं.

रोझी तेवढी उठून जवळ गेली. "हसू नका," ती म्हणाली. "यांचे डोले पिवले झालेत."

पित्ताशयातला खडा निसटून नळीत अडकला होता. पित्ताची वाट बंद झाली म्हणून कावीळ, आणि शेजारच्या स्वादुपिंडालाही सूज. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं कालपरवाचं नाही, वर्षभर तरी अंगावर काढलंय. नक्कल एवढी हुबेहूब का यायची, ते मला तेव्हा कळलं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचं पाणीही बंद होतं. ओठ फुटले होते. त्यांनी एकच विचारलं.

"रोझी हसली?"

"नाही."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दोन दिवसांनी ते गेले.

आठवडाही झाला नव्हता, तर पॅकिंगमधल्या एकाने टेबल धरून कण्हून दाखवलं. कॅन्टीन हसलं. रोझी डबा उचलून बाहेर निघून गेली.

नंतर एका दुपारी साहेबांची बायको त्यांची बॅग न्यायला विरारहून आली. घरी ते फारसं बोलायचे नाहीत, म्हणाली. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून पडून असायचे. मग जरा संकोचून तिने विचारलं, "तुमच्याकडे मात्र फार हसवायचे म्हणे. आता कोण हसवतं?"

आत हशा पिकला होता. कोणी नाही, असं म्हणून मी कॅन्टीनचं दार ओढून घेतलं.