शिशाची रेघ

मी लेसरला शेंदूर लावला होता. हसा, हसा! सत्तरच्या दशकातली गोष्ट. पिंपरीच्या कंपनीत मी नवी केमिस्ट, पांढऱ्या कोटात मिरवणारी. खंडेनवमीला कारखान्यात लेथपासून ट्रकपर्यंत सगळ्यांची पूजा झाली, मग प्रयोगशाळेतलं आमचं परदेशी यंत्रच का उपाशी? कुंकू संपलेलं, म्हणून मारुतीच्या देवळातला शेंदूर आणला.

आमचे साहेब मालवणचे. लेसर सोडण्याआधी काळा चष्मा चढवून ओरडायचे, "डोळे सांभाळा, दिवाळी!" फट्! पोलादावर सुईच्या टोकाएवढा खड्डा. उडालेल्या वाफेचा उजेड फोटोच्या काचेवर रेघारेघांनी उमटायचा. प्रत्येक धातूची रेघ ठरलेली. तपासायला चिमूटभरही माल नको! मी दर वेळी हरखायची. शंका आली की साहेब यंत्राकडे बोट दाखवायचे, "साक्षीदार आहे तो. परत विचार त्याला."

पूजा उरकली, तोच भोसरीच्या एका वर्कशॉपमधला तडकलेला शाफ्ट आला. मालक, सगळ्यांचे चाचा, बाहेर बाकावर साहेबांशेजारी बसले. पोलादात भेसळ निघाली तर त्यांचा सगळा माल परत जाणार, पुढचं कामही बंद.

मी तुकडा बसवला, दिवाळी केली, काच धुतली. शिशाची ठळक रेघ! नाचायचीच बाकी होते. धावत बाहेर आले, "साहेब, सापडलं! शिसं!"

चाचा ताडकन उठले. "ताई, काय बोलताय? शिसं आपल्या शेडमध्ये येतच नाही!"

साहेब म्हणाले, "परत विचार. त्याच खड्ड्यात."

पुन्हा फट्! खड्डा खोल गेला आणि रेघ गायब. शिसं नुसतं वरवर होतं. साहेब माझ्या हाताकडे बघत होते. बोटं केशरी! शेंदूर म्हणजे शिशाचाच, हे परीक्षेत लिहून मी पहिली आले होते.

"चाचा," मी कसंबसं म्हटलं, "तुमचं पोलाद चोख आहे. शिसं माझ्या बोटाचं."

चाचा आधी मटकन बसले, मग पोट धरून हसले.

साहेब आता नाहीत, यंत्रही केव्हाच मोडीत गेलं. नातवंडं फुलबाजी पेटवतात तेव्हा मीच ओरडते, "डोळे सांभाळा!" आणि त्या संध्याकाळी कोट काढताना साहेब जे बोलले ते आठवतं:

"पुढच्या खंडेनवमीलाही पूजा तूच कर हां, बाय. फक्त आधी नमुना, मग देव."