मागं पडणारं घड्याळ
शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की आमच्या सोलापूरच्या खोलीतलं लंबकाचं घड्याळ आठवतं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि वडील शाळेत शिपाई होते. घड्याळ रोज मागं पडायचं, त्यामुळे वडील शाळेत उशिरा पोचायचे, घंटा उशिरा व्हायची आणि मुलांसमोर वडिलांना बोलणी बसायची. एका रविवारी तापलेल्या पत्र्याखाली घामाघूम होत त्यांनी ते उघडलं, पुसलं, शिलाई मशीनचं तेल घातलं, मागं पुठ्ठा लावून सरळ टांगलं. तरी दुसऱ्या दिवशी तेच. "फेकूनच देतो ह्याला!" ते चिडले, तेव्हा आई चुलीपुढून म्हणाली, "त्याचा काय दोष न्हाय. पहाटं पोरगं वाचाय बसलं की मीच लंबक धरून थांबिवते. टिकटिकीचा तरास हुतोय म्हनला हुता की त्यो." माझं वाचन संपलं की ती लंबक हलवायची आणि काटा अंदाजानं पुढं सरकवायची, कारण तिला घड्याळ कळत नव्हतं. मी एकदाच, सहज कुरकुरलो होतो. कोपऱ्यात बसलेल्या मला आता पुस्तकातून मान वर करवेना. वडील लंबक धरून थांबवत म्हणाले, "व्हय? मग परीक्षा होईपातूर बंदच ऱ्हाऊ दे. मी सावली बघून निघतो की." आज माझ्या घरातलं घड्याळ अजिबात टिकटिक करत नाही, आणि त्या शांततेत मला पुस्तक घेऊन बसवत नाही.