बुधवारची मासळी आणि माझी पहिली रजा

ऑफिसने मला वर्क-लाइफ बॅलन्स शिकायला सांगितलं, तेव्हा मी सगळ्यात आधी दोनशे पानी वही आणली. तिला खाकी कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं आणि त्यावर विषय लिहिला: ताण व्यवस्थापन. शाळेत मी पाचवीपासून पहिला नंबर सोडला नव्हता. हाही विषय सोडायचा माझा विचार नव्हता.

झालं होतं असं. अंधेरी पूर्वेला आमचं ऑफिस. नवीन सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जायच्या आधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. नोकरीला लागून दोन वर्षं झाली आणि एचआरचं पत्र आलं की तुमच्या गेल्या वर्षीच्या सगळ्या रजा वाया गेल्या आहेत. मला ते अभिनंदनाचं पत्र वाटलं. मी ते लगेच बाबांना फोनवर वाचून दाखवलं.

बाबा आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत शिपाई. अख्खी शाळा त्यांना मामा म्हणते. घंटा त्यांच्या हातात. एका वर्षी एकही रजा घेतली नाही म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना नारळ आणि टॉवेल दिला होता. नारळ आम्ही खाल्ला. टॉवेल अजून घडी न मोडता कपाटात आहे.

"शाब्बास," बाबा म्हणाले. "घराण्याचं नाव राखलंस."

एचआरला आमच्या घराण्याचं काही पडलेलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मला मेंटॉरिंगमध्ये घातलं. म्हणजे एका ज्युनियरला एक अनुभवी वरिष्ठ द्यायचा, आठवड्यातून एक तास भेटायचं आणि ताण न घेता काम कसं करावं ते त्यांच्याकडून शिकायचं. मला मिळाल्या त्या थेट आमच्या पूर्ण विभागाच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेल्या, मुलुंडला राहणाऱ्या, मूळ मालवणकडच्या, गिरणी कामगाराची मुलगी. ऑफिसात सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. मला ते जमेना. आमच्या गावात मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारली तर आधी कान पिळतात, मग विचारतात काय काम होतं. मी आपली मॅडम म्हणायची.

पहिल्या बुधवारी साडेपाचला मी वही, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेऊन त्यांच्या केबिनबाहेर उभी राहिले. त्या बाहेर आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पेपर आहे काय गो तुझा? चल."

मला वाटलं मीटिंग रूममध्ये चाललोय. आम्ही गेलो मरोळच्या मासळी बाजारात.

आमच्या गावाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा भाग. मासा मी तोवर तुकड्यात पाहिला होता, तोही हॉटेलात, लांबून. इथे ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होते. खाली पाणी, वर आरडाओरडा, आणि मधोमध ऑफिसच्या चपला घालून, वही छातीशी धरून मी.

मॅडमची ठरलेली मासेवाली मावशी होती. तिने मला पाहून विचारलं, "ही कोन गो? सून आणलीस का काय?"

"शिष्या आहे माझी. बघू, हात पुढे कर," मॅडम मला म्हणाल्या आणि एक बांगडा माझ्या तळव्यावर ठेवला. "डोक्यामागचा हा कल्ला उचलून बघ. आत लाल असला तर ताजा. काळपट असला तर नाय घ्यायचा. डोळा चकचकीत पाहिजे."

मी एका हातात बांगडा धरून दुसऱ्या हाताने लिहिलं: कल्ला लाल पाहिजे. डोळा चकचकीत पाहिजे. तात्पर्य?

शाळेत आम्हाला प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य लिहावं लागायचं. दोन मार्कांना असायचं. त्यामुळे एवढी मोठी बाई मला इथे आणते म्हणजे यात काहीतरी दडलेलं असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. जोगेश्वरीच्या खोलीवर परत जाताना रिक्षात मी पक्कं केलं: बांगडा म्हणजे आपण. कल्ला म्हणजे आपलं आतलं स्वास्थ्य. वा! मला एवढा आनंद झाला की रिक्षा माझी गल्ली सोडून पुढे गेली.

पुढच्या बुधवारी कोळंबी. तिच्या पाठीतला काळा दोरा काढावा लागतो, हे कळलं. तात्पर्य: मनातली घाण वेळच्या वेळी काढावी. त्याच्या पुढच्या बुधवारी बोंबील. तो नाजूक असतो, पिशवीत तळाला ठेवायचा नाही. यातून मी दीड पान काढलं.

एवढ्यावर थांबले नाही. घरी वेळापत्रक केलं. सात ते सव्वासात गच्चीवर फेऱ्या. सव्वासात ते सात पंचवीस छंद. सात पंचवीस ते साडेसात निवांतपणा. माझी रूममेट एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, "अगं, मीठ संपलंय, आणतेस का?" मी डोळे मिटूनच सांगितलं, "थांब ना, निवांतपणा चालू आहे, दोन मिनिटं राहिलीत." मंगळवारी निवांतपणा हुकला तर रात्री झोप लागेना. शेवटी मी तो शनिवारी एकत्र दहा मिनिटं बसून भरून काढला आणि समोर बरोबरची खूण केली.

हा तक्ता मी मॅडमना मोठ्या अभिमानाने दाखवला. त्या मावशीसमोर पापलेट बघत होत्या. त्यांनी तक्ता वाचला आणि पापलेट परत पाटीत ठेवलं, कारण हसता हसता ते हातातून सुटायला लागलं होतं.

"मावशे, ऐक. सोमवार, निवांतपणा, पाच मिनिटं. शेरा काय लिहिलाय? 'समाधानकारक'!"

मावशीचा कोयता हातातच थांबला. "आनि नापास झाली तर?"

"मग पुन्हा निवांत बसायचं, शिक्षा म्हणून."

दोघी पदराने डोळे पुसायला लागल्या. मलाही हसू यायला लागलं. ते थांबेना. त्या गदारोळात आम्ही तिघी अशा हसत होतो की शेजारची सुरमईवाली ओरडली, "माझं गिऱ्हाईक पळतंय गो!" मला मात्र नेमकं कशाला हसतोय ते तेव्हा पूर्ण कळलं नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला. ते महिनाअखेरीला निवृत्त होत होते. शुक्रवारी शाळेत निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, मुलांची भाषणं, आणि मग पाच वाजता त्यांची शेवटची घंटा.

"पण तू येऊ नकोस बरं का," बाबा म्हणाले. "शुक्रवार म्हणजे कामाचा दिवस. उगाच रजा कशाला खर्च करतीस. फोटो पाठवतील पोरं."

त्याच शुक्रवारी आमच्या टीमचा ग्राहकासमोर डेमो होता. नवीन सॉफ्टवेअर चालवून दाखवायचं होतं आणि त्यातली चाचणी माझी. मी एका क्षणात ठरवलं, जायचं नाही. खरं सांगायचं तर ठरवल्यावर मी गावच्या एसटीचं वेळापत्रक दोनदा उघडून बघितलं. पण मी सवयीप्रमाणे त्यावर दहा दीर्घ श्वास घेतले आणि वहीत लिहिलं: कठीण निर्णय शांतपणे घेतला.

बुधवारी हे मॅडमना सांगितलं. मला वाटलं, आज पूर्ण मार्क.

त्या बांगडे उलटसुलट करत राहिल्या. मग विचारलं, "घंटा किती वर्षं देतायत ते?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

"आणि शुक्रवारनंतर?"

मी वहीची पानं चाळली. हा प्रश्न माझ्या वहीत नव्हता. शेवटी मी धीर करून विचारलं, "मॅडम, एक विचारू? ह्या सगळ्याचं तात्पर्य काय? बांगडा, कोळंबी, बोंबील?"

"कसलं तात्पर्य?"

"तुम्ही दर बुधवारी मला इथे आणता, त्यामागचं."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मावशीनेही कोयता खाली ठेवला. "अगो बाय माझे," त्या म्हणाल्या, "बुधवारी आमच्याकडे मासे लागतात. तुझा तास बुधवारी ठेवला म्हणून तुला घेऊन येते. बांगडे न्यायचे, तळायचे, खायचे. हेच तात्पर्य." मग त्यांनी फोन काढून मला ऑफिसचं कॅलेंडर दाखवलं. दर बुधवारी साडेपाचनंतरचा चौकोन बंद, आणि त्यावर मोठ्या अक्षरात 'मासळी'. ते डायरेक्टरपासून माझ्यापर्यंत सगळ्यांना दिसतं. मला इतके महिने तो कुठल्यातरी गुप्त प्रोजेक्टचा शब्द वाटत होता!

"आता फोन काढ. रजा टाक. इथेच."

मी तिथेच, मावशीच्या उलट्या पाटीवर बसून आमच्या टीमच्या साहेबांना मेल लिहिली. चार परिच्छेद झाले. पहिल्यात बाबांची सेवा, दुसऱ्यात दिलगिरी, तिसऱ्यात प्रवासात लॅपटॉप सोबत ठेवायचं आश्वासन, चौथ्यात शनिवार-रविवार भरपाई. मॅडमनी वाचली. "रजा मागतेयस की गुन्हा कबूल करतेयस?" त्यांनी ओल्या बोटाने सगळं पुसलं आणि सांगितलं तसं मी लिहून पाठवलं: शुक्रवारी मी रजेवर आहे. वडील निवृत्त होत आहेत. डेमोसाठी कोण थांबेल ते आज कळवते.

पण डेमोला कोण थांबणार? मी घाबरत घाबरत शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला फोन लावला. तो घाटकोपरचा, तोंडाने फटकळ.

"एवढंच ना? करतो की," तो म्हणाला. "यार, दोन वर्षं वाट बघतोय तू एक दिवस तरी कधी टळतेस."

"म्हणजे?"

"तू रजा घेत नाहीस ना, मग आम्ही मागितली की साहेब तुझ्या रजेच्या रिकाम्या रकान्याकडे बोट दाखवतात. आमची वाट लागते तुझ्यामुळे. जा गं बाई, जा. आठवडाभर जा."

साहेबांचं उत्तर त्याआधीच येऊन पडलं होतं. एकच शब्द: 'शुअर.' पुढे अंगठा. ज्या गोष्टीला मी दोन वर्षं घाबरत होते, ती तीन अक्षरांची निघाली! मी उठून मावशीला मिठी मारली. तिचे हात मासळीचे आणि माझा ड्रेस नवीन, पण दोघींच्याही ते लक्षात आलं नाही. मॅडमच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "आता हिला रिक्षावाला घेणार नाय."

शुक्रवारी मी शाळेत पोचले तेव्हा बाबा स्टेजवर बसले होते. नवीन शर्ट, गळ्यात हार, हात मांडीवर, जणू वर्गाबाहेर बसवलेलं पोर. मी दिसल्यावर पहिला प्रश्न, "रजा दिली का त्यांनी?"

"दिली नाही. मी घेतली."

भाषणं लवकर संपली. मुख्याध्यापक प्रेमाने म्हणाले, "मामा, आज द्या लवकर घंटा, काय बिघडतंय!"

बाबा घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाच कुठं वाजलेत सर? तीन मिनिटं हायत."

आणि सगळी शाळा थांबली. मुख्याध्यापक थांबले, पाहुणे थांबले, दप्तरं पाठीला लावून पोरं एक पाय पुढे टाकून थांबली. बाबा हार घातलेल्या गळ्याने, हातोडी धरून, काट्याकडे बघत उभे. कुणीतरी खुदकन हसलं, मग ते सगळ्या रांगेत पसरलं. मी तर तोंडावर ओढणी दाबून धरली होती.

त्या तीन मिनिटांत मला आमचं घर आठवलं. बाबांनी रजा कधी घेतली नाही, हे मी जगाला सांगत आले होते. पण घंटा झाली की ते वर्गांना कुलपं लावायचे आणि सव्वापाचला आमच्या उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत असायचे. शाळेचं एक कामही त्या उंबऱ्याच्या आत आलं नाही. एवढं मी सांगायचीच विसरले होते.

पाच वाजले. बाबांनी घंटा दिली, नेहमीपेक्षा एक टोलाही जास्त नाही. पोरं सुटली. मीही सुटले, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत धावत, ड्रेसची ओढणी हातात गोळा करून, का ते विचारू नका.

धावून परत आले तेव्हा फोनवर सहकाऱ्याचा निरोप होता: डेमो झकास. तुझ्याशिवायही ऑफिस उभं आहे, सॉरी.

घरी पोचले तर बाबा उंबऱ्यावर शेंगा घेऊन बसले होते. माझ्या बॅगेतून डोकावणारी खाकी वही त्यांनी बाहेर काढली, लेबल वाचलं, पानं उलटली.

"कल्ला लाल पाहिजे," त्यांनी अडखळत वाचलं. "बोंबील तळाला ठेवू नये. ही कसली वही?"

"ऑफिसची."

"तुम्हाला तिथं मासे निवडायला शिकवतात?"

"हो. दर बुधवारी."

बाबांनी जरा विचार केला, एक शेंग फोडून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "चांगली कंपनी आहे. सोडू नकोस."