मागच्या चाकांची पूजा

चैत्रातील सायंकाळी सुरतेची हवा थोडी सैल होते. दिवसभर लिंबायतच्या गल्ल्यांवर ओणवून बसलेला उकाडा समुद्राकडच्या झुळुकीने किंचित मागे सरतो, लूम्सच्या अखंड खटखटाटातही कुठे एखादी फट पडल्यासारखी वाटते, आणि त्या वेळी मी सायंसंध्या आटोपून देवघरात बसलेला असतो. गेल्या वर्षी अशाच एका सायंकाळी, डोळे मिटून जपाची चौथी माळ ओढीत असताना, राळेचा गंध आला. सुमतीने, माझ्या पत्नीने, धुपाटण्यातील निखाऱ्यावर राळ घातली असावी असे मला वाटले. अर्धशतकाच्या जपात जी स्थिरता मला मोजक्या वेळाच लाभली ती त्या गंधाच्या बोटाला धरून अवचित आत आली आणि बराच काळ टिकली. डोळे उघडले तेव्हा धुपाटणे थंडगार होते. गंध खिडकीतून येत होता, अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमधून. तिथे माझा धाकटा भाऊ दत्तात्रेय तापल्या सळईने तांब्याच्या बारीक तारा सांधीत बसला होता, आणि सांधा नीट धरावा म्हणून त्या कामातही राळच वापरतात. ज्या द्रव्याने मी देवाला आळवीत होतो त्याच द्रव्याने तो एका मोटारगाडीला आळवीत होता, आणि माझे चित्त स्थिर झाले होते ते त्याच्या धुराने. हे मला सहन झाले नाही.

गाडी होती पंचवीस वर्षांची, लहान, रंग उडालेली. तिचे इंजिन पुढच्या दोन चाकांना ओढी आणि मागची दोन चाके नुसती फरफटत येत. दत्तूच्या मनात त्या मागच्या चाकांनाही बळ द्यायचे होते. मोडीत निघालेल्या ई-रिक्षाचा मोटरीसकट मागचा आस त्याने आणला, बॅटऱ्या डिकीत बसवल्या, आणि या दोन्हींच्या मध्ये एक मेंदू हवा होता, तो दत्तू स्वतःच्या हातांनी सर्किटच्या तळहाताएवढ्या पट्टीवर घडवीत होता. चाळीस वर्षे तो लूमच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, वायरमन होता. बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला की लूम आपोआप थांबवणारी योजना त्याने हजार वेळा उघडून जोडलेली. त्याच युक्तीचे हे उलटे रूप, असे त्याने सुमतीला समजावले होते. तिथे धागा तुटला की यंत्राने थांबायचे. इथे पुढचे चाक जागच्या जागी फिरू लागले, म्हणजे जमिनीशी त्याचा धागा तुटला, की मागच्यांनी पुढे व्हायचे.

समजावले होते ते सुमतीला, मला नव्हे. मी विचारलेही नव्हते.

या खटाटोपाच्या मुळाशी एक नारळ होता. आमची कुलस्वामिनी सातपुड्याच्या एका सोंडेवर वसते. पायथ्यापासून देवळापर्यंत सुट्या मुरमाचा उभा चढ आहे, आणि सुमतीचे गुडघे आता घरातला उंबराही विचार करून ओलांडतात. त्याआधीच्या चैत्रात आम्ही तिघे याच गाडीतून गेलो, तेव्हा अर्ध्या चढावर पुढची चाके मुरूम उडवीत नुसती गरगरू लागली आणि गाडी हळूहळू मागे सरकली. मी खाली उतरलो, शिखराकडे हात जोडले, आणि मानसपूजेचे माहात्म्य सांगितले. भावनेला चढ-उतार नसतो, ओटी इथूनच भरू, असे म्हणालो. मी जे म्हणालो ते शास्त्राला धरून होते. सुमतीने खालूनच नमस्कार केला, परंतु खण आणि नारळ पुन्हा पिशवीत ठेवले, आणि घरी आल्यावर ते देवघराच्या कोपऱ्यात मांडून म्हणाली, "देवीची ओटी आहे. देवीकडेच जाईल."

वर्षभर तो नारळ तिथे राहिला. हळूहळू त्यातले पाणी आटले, खोबरे कवटीपासून सुटले, आणि रोज पूजेआधी ती कोपरा पुसताना तो उचली तेव्हा आतला गोटा वाजे. खुळ्. माझ्या आयुष्यभराच्या विद्वत्तेला दिलेले एवढेच उत्तर. तो आवाज दत्तूनेही ऐकला होता, आणि माझ्यासारखे भाष्य न करता तो गाडीखाली शिरला होता.

दत्तूविषयी लिहायचे तर मला मागे जावे लागेल. वडील भिक्षुकी करायचे. खानदेशातून लूमवर आलेल्या कुटुंबांच्या पाठोपाठ तेही इथे आले. दोघांपैकी एकालाच शिकवणे शक्य होते. मी थोरला, माझे पाठांतर चांगले, म्हणून मला तापीकाठच्या पाठशाळेत घातले आणि दत्तू चौदाव्या वर्षी खात्यात गेला. मी शब्दरूपे घोकीत होतो तेव्हा तो फ्यूज बांधायला शिकत होता. मी पुढे मराठी शाळेत संस्कृतचा अध्यापक झालो. तो कामगारांत राहून त्यांच्यासारखाच अहिराणी बोलू लागला, आणि घरातील शुद्ध बोली त्याच्या जिभेवरून कायमची उतरली. त्याची पत्नी गेल्यापासून तो आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. आपण त्याला सांभाळतो, अशी माझी समजूत होती.

त्या चैत्रात ती समजूत दररोज थोडी थोडी झिजत गेली. चहाचा पहिला पेला शेडमध्ये जाऊ लागला. सुमती तिथे वेताच्या मोड्यावर बसून त्याला प्रश्न विचारी: ही तार लाल का, तो दिवा हिरवा का, चाकाजवळ चिकटवलेला लोहचुंबक कशाला. तिने माझी किती प्रवचने ऐकली असतील. आदराने ऐकली, पदर सावरून ऐकली, पण प्रश्न एकही विचारला नाही. गल्लीतले लोकही थबकून पाहत. साड्यांना लेस लावून देणारे शेजारचे रमणभाई रोज येता-जाता विचारीत, "दत्तुभाई, आ गाडी हवे झाड पर चढशे के?" आणि दत्तू गाडीखालूनच उत्तर देई, "चढी ना! उतारताना तुमले बोलावसू, ढकलाले." मग दोघेही हसत, आणि आतून सुमतीचे हसू ऐकू येई.

हे सारे मी गिळले असते. जे गिळता आले नाही ते निराळेच होते. एकदा भर दुपारी काही निमित्ताने मी शेडच्या दारात उभा राहिलो. पत्रा तापून हवा थरथरत होती. दत्तू भिंगातून त्या पट्टीकडे पाहत होता. हातातील सळईच्या टोकावर पाऱ्यासारखा एक थेंब उभा होता, आणि तो थेंब जागेवर उतरेपर्यंत त्याचा श्वास थांबला होता. कपाळावरचा घाम भुवईवरून ओघळला, पण पापणी हलली नाही. मी दारात उभा आहे हे त्याला कळलेच नाही. चित्ताच्या ज्या अवस्थेचे वर्णन मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवले, निर्वात स्थळी ठेवलेल्या दिव्याची उपमा देऊन शिकवले, ती अवस्था माझ्यासमोर मळक्या बनियनमध्ये बसली होती. मत्सर हा षड्रिपूंतील शेवटचा, असे आपण गणतो. मला वाटते तो शेवटी येतो तो इतर पाचांना दार उघडून आत बसवल्यावर.

अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशी बोलीत आखाजीला, वाहनपूजा ठरली. दुसऱ्या दिवशी देवीला निघायचे होते. पुढे पाऊस लागला की तो चढ कार्तिकापर्यंत बंद होतो, आणि सुमतीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ज्येष्ठात ठरलेली. त्यानंतर ती पुन्हा कधी प्रवासाला निघेल हे वैद्यांनाही सांगता येत नव्हते. म्हणून नारळ आधीच पिशवीत गेला होता.

सकाळी अंगणात गाडी उभी होती, झेंडूच्या माळा घातलेली, चारही चाकांखाली एकेक लिंबू. दत्तूने डिकी उघडली आणि बॅटऱ्यांशेजारी बसवलेला खोकाही उघडा ठेवला. आत ती पट्टी होती आणि तिच्यावर एक हिरवा ठिपका उजळलेला. "पूजाना टाइमले दिवा इझायेल नको," तो म्हणाला. पूजेसमोर दिवा विझलेला नसावा, म्हणून त्याने वीजप्रवाह चालू ठेवला होता. मग माझ्याकडे वळून हसला. "दादा, मंत्र तुना, वायर मनी."

मी संकल्प सांगितला. पुढच्या भागाला हळदकुंकू वाहिले, चाकांना वाहिले. मागे आलो तेव्हा सुमती त्या हिरव्या ठिपक्यासमोर हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते. देवघरात, माझ्या मागे बसून, तिने असे डोळे भरून कधी पाहिले होते का, हे मला आठवेना. मी प्रोक्षणाचा मंत्र सुरू केला आणि आंब्याचा डहाळा कलशात बुडवला. प्रोक्षण म्हणजे तुषार. पानाच्या टोकावर राहतील एवढे चार थेंब, ते मी हजारो वेळा शिंपडले आहेत. त्या वेळी माझा हात कलशात मनगटापर्यंत गेला. डहाळा निथळत वर आला, आणि खोका उघडा आहे हे मला स्पष्ट दिसत असताना मी तो त्या खोक्यावर झटकला.

चट् असा बारीक आवाज झाला. हिरवा ठिपका विझला. राळेचा नव्हे, काहीतरी जळाल्याचा उग्र दर्प अंगणभर पसरला.

पूजा पाहायला आलेले रमणभाई हलकेच म्हणाले की भगवानला थोडे जास्तच न्हाऊ घातले. सुमतीने माझ्याकडे पाहिले आणि तत्काळ म्हणाली, "चुकून झालं. त्यांचे हात हल्ली थरथरतात." माझे हात थरथरत नाहीत. दत्तूने पंच्याने खोका टिपला, आत डोकावला, आणि एवढेच म्हणाला, "हात जड पडना आज, दादा." पुढे मी शांतिमंत्र म्हटला. तोही शुद्ध म्हटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सुमतीने पिशवीतून नारळ काढून पुन्हा कोपऱ्यात ठेवला, आणि ठेवताना तो वाजला. चौथ्या दिवशी सकाळी जपाला बसलो तर मण्यांवरून बोटे सरत होती आणि मी मात्र आत कुठेच नव्हतो. माळ गोमुखीत ठेवली आणि शेडमध्ये गेलो.

दत्तू नवी पट्टी घडवीत होता. वर न पाहताच म्हणाला, "बरं व्हयनं तू उना. धर ही. हालू दऊ नको." मी दोन्ही हातांच्या बोटांनी पट्टीच्या कडा धरल्या. सळई टेकली, राळेचा धूर उठला आणि सरळ माझ्या चेहऱ्यावर आला. मी म्हणालो, "दत्तू, खोका उघडा होता. मला दिसत होता."

"मले ठाऊक शे."

"मग माझा हात का नाही धरलास?"

त्याने दुसरा थेंब जागेवर उतरू दिला, फुंकर घातली. "तू मंत्र म्हणी राह्यंता ना. मंत्रमा तुले कोनी कधी आडवं? बाबा मारेत मले."

खरे होते. लहानपणी मी पाठ म्हणत असताना मध्ये बोलायची दत्तूला बंदी होती. एकदा त्या वेळी त्याला विंचू चावला होता आणि माझे आवर्तन संपेपर्यंत तो मुठी आवळून बसून राहिला होता. ती गोष्ट आमच्या घरात माझ्या एकाग्रतेची कथा म्हणून सांगितली जाई. साठ वर्षांत मला एकदाही वाटले नव्हते की ती त्याची कथा आहे.

"हालू नको," तो म्हणाला. "आते शेवटला सांधा."

मी हललो नाही. तो सांधा होईपर्यंत माझाही श्वास थांबला होता, हे मला नंतर कळले.

पट्टीवर त्याने या वेळी वॉर्निशचा जाड हात दिला, मिस्कीलपणे माझ्याकडे पाहत. सुमतीला मी त्याच दुपारी सांगितले. तांदूळ निवडताना तिचा हात क्षणभर थांबला, आणि पुन्हा चालू लागला. "मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. तिने मला क्षमा केली की नाही हे मी आजही विचारलेले नाही.

आम्ही वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. पायथ्याशी पोचलो तेव्हा ऊन तिरपे झाले होते, पळसाची फुले गळून नवी पाने आली होती, आणि करवंदांच्या जाळ्यांतून पिकल्या फळांचा आंबूस गोड वास येत होता. दत्तू चालवीत होता, सुमती त्याच्या शेजारी ओटी मांडीवर घेऊन, आणि मी मागे, त्या नव्या मोटरीच्या बरोबर वर. गेल्या वेळच्याच जागी पुढची चाके घसरली. मुरूम उडाला, गाडी थरथरली, आणि सुमतीच्या मांडीवरचा नारळ खुळखुळू लागला. मग माझ्या आसनाखालून एक बारीक गुंजारव उठला, ओंकाराच्या शेवटच्या अर्धमात्रेसारखा, आणि कोणीतरी पाठीला तळहात लावून पुढे लोटावे तसे मला वाटले. गाडी एक हात वर गेली. मग आणखी एक. नारळाचे खुळखुळणे हळूहळू थांबले.

देवळात सुमतीने स्वतःच्या हातांनी ओटी भरली. मी स्तोत्र म्हटले. दत्तू बाहेर चाकांना दगड लावीत होता. दर्शन घेऊन ती बाहेर आली, हातात प्रसादाचे कुंकू, आणि मी नकळत कपाळ थोडे पुढे केले. ती माझ्यावरून पुढे गेली. आधी तिने गाडीच्या मागच्या दाराला बोट लावले, मग दत्तूच्या कपाळाला, आणि मग वळून माझ्याकडे आली. छातीत तेच जुने काहीतरी टोचले. देवीच्या दारात, एवढे सारे होऊनही, ते तिथेच होते. मी त्याला ओळखले, आणि त्याने मला.

दत्तूने डिकी उघडून खोक्यावर हात ठेवला, चढाने तो तापला होता का ते पाहायला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि माझाही हात तिथे ठेवला. आत सांजआरतीची तयारी चालली होती. वारा देवळाकडून येत होता की दरीकडून, ते कळत नव्हते. राळेचा गंध आला, दाट आणि ऊबदार. तो गाभाऱ्यातला होता की आमच्या हातांखालचा, हे पाहायला या वेळी मी मान वळवली नाही.