आईकडून कोण?

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारच्या काकू नामिबियाच्या, हेरेरो लोकांच्या राजघराण्यातल्या. गाईच्या शिंगांसारखा आडवा फेटा बांधून त्या चहाला आल्या आणि बसल्या बसल्या विचारलं, "तुझं कूळ कोणतं?"

माझं डोकंच फिरलं. गावाकडे लोक आमची जात काढायला हेच विचारायचे.

"कशाला हवंय?" मी फटकन म्हटलं.

काकू शांतपणे म्हणाल्या, "आमच्यात वडिलांकडून पवित्र अग्नी येतो, आईकडून गुरं. आमच्या प्रमुखालाही दोन्ही कुळं सांगावी लागतात. तू आईकडून कोण?"

हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी ताठ बसले. "आमच्या वस्तीत सगळ्यात आधी मॅट्रिक झालेल्या बाईची मुलगी."

परवा काकूंनी पाहुण्यांना माझी हीच ओळख करून दिली. इथे एरवी पहिला प्रश्न जॉबचा असतो; तो कुणी विचारलासुद्धा नाही.