भूतमामांची दस्ती

भूतमामांचं तोंड मी तीस वर्षांत एकदाही पूर्ण पाहिलं नव्हतं. तेर गावातल्या आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांची पिठाची गिरणी होती. नाकातोंडावर कायम दस्ती बांधलेली, भुवया-पापण्या पिठानं पांढऱ्याफेक. सुट्टीत तुम्ही दोघं नातवंडं इथं आलात की त्यांना पाहून माझ्या पदरामागं लपायचात. भूतमामा हे नाव तुमचंच. धाकटीनं तर एकदा विचारलं होतं, "आजी, त्यांना तोंड आहे का?" मी म्हटलं, "असेलच की."

दस्तीबद्दल कुणी छेडलं तर ते म्हणायचे, "नाकात गेलेल्या पिठाची भाकर होत न्हाय." गिरणी गावातली, पण शिस्त एखाद्या शाळेसारखी. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. माणूस समोर नसला तरी डब्याचा नंबर हलायचा नाही. मग पत्र्याच्या तोटीतून पडणारं कोमट पीठ चिमटीत धरून बघायचे आणि मानेनंच "जमलं" म्हणायचे. हायस्कूलमध्ये जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या मला त्या गावात माझ्याच स्वभावाचा असा एकच माणूस भेटला होता.

करोना गावात शिरला तेव्हा पाटी लिहून घ्यायला ते माझ्याकडे आले. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'नाक-तोंड झाकल्याशिवाय दळण मिळणार नाही', आणि खाली लाल रेघ मारली.

ते म्हणाले, "बाई, आधी 'मेहेरबानी करून' टाका की. लोकं आपलीच हायेत."

मी म्हटलं, "मामा, नियम विनवणी करत नसतो."

त्यांनी पाटी दोन्ही हातांनी घेतली आणि गिरणीच्या दारावर ठोकली.

आठवडाभर लोक उपरण्यानं, पदरानं तोंड झाकून आले. मग एक दिवस मामांचे सख्खे साडू उघड्या तोंडानं आत शिरले. मी बाहेर खडूच्या गोलात उभी होते.

"साडूभाऊ, तोंड झाका," मामा म्हणाले.

"ही गिरणी हाय का दवाखाना?"

"दवाखाना न्हाय म्हणूनच सांगायलो. तितं पडलाव तर कोण बघायला यील?"

"जलमभर सोताचं तोंड झाकलं, आता गावाचं झाकायला निघाला व्हय!"

बाहेरची माणसं हसली. मामांनी साडूंचा डबा रांगेतून उचलला, झाकणावरचं पीठ फडक्यानं पुसलं आणि डबा तसाच उंबऱ्याबाहेर ठेवला. साडूंनी माझ्याकडे बोट केलं. "पाटी ह्याची न्हाय, ह्या बाईची हाय! दळ मग बाईचंच आता."

मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, बरोबर केलंत." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवसापासून डबे स्टँडकडच्या गिरणीत जायला लागले. तिथं कुणी कुणाला तोंड झाकायला सांगत नव्हतं. भिंतीपर्यंत जाणारी रांग पाच-सहा डब्यांवर आली. मामा माझ्या फाटकाशी येऊन उभे राहिले. "बाई, पाटी काढू का? घरातबी कटकट व्हायलीय."

मी म्हटलं, "एकासाठी नियम मोडला की तो सगळ्यांसाठी मोडतो."

त्यांनी दस्तीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाले, "बरं. पाटी राहू द्या. मग म्याच जातो लोकांच्या दारात. डबे आणतो, दळून पोचवतो."

"उत्तम," मी म्हणाले. वहीत बरोबरची खूण करावी तसं.

ते सायकलला डबे बांधून दारोदार हिंडू लागले. साडूंचाही डबा आणला. ज्या माणसांना गिरणीत येऊ दिलं नव्हतं, त्यांच्याच अंगणात आता ते उभे राहत होते, आणि तिथं कुणाच्याच तोंडावर काही नव्हतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

चैत्रातल्या भर दुपारी त्यांनी माझा ज्वारीच्या पिठाचा डबा कट्ट्यावर ठेवला. "बाई, जरा पाणी मिळंल का?" मी तांब्या कट्ट्यावर ठेवून जाळीच्या दारामागं गेले. त्यांनी दस्ती खाली ओढायला हात घातला तशी मी आतून म्हणाले, "मामा, दस्ती वर! आधी लांब व्हा."

"चुकलं, बाई." ते फाटकापर्यंत गेले, माझ्याकडे पाठ केली आणि तसेच उभ्यानं पाणी प्याले. तांब्या विसळून पालथा घातला.

आठ दिवसांनी त्यांना धाराशिवला नेलं. तिथून ते गावात परत आलेच नाहीत. सगळं तिथंच उरकलं. कुठल्या दारात त्यांना लागण झाली, कोण सांगणार? पाटी साडूंनी आणून दिली. त्यांच्या तोंडाला मास्क होता.

महिन्याभरानं स्टँडवर श्रद्धांजलीचा फलक दिसला. बारीक मिशीचा, हसरा माणूस. मला वाटलं, बाहेरगावचे कुणी असतील. मी दोन पावलं पुढंही गेले. मग खाली वाचलेलं 'गिरणीवाले' ध्यानात आलं आणि मी मागं वळले. हनुवटीवर खोल खळी होती. दोन दातांमध्ये फट होती.

धाकटे, तू विचारलं होतंस त्याचं उत्तर आज लिहिते आहे. भूतमामांना तोंड होतं, गं. छान होतं. एकदाच ते माझ्या दारात उघडं होणार होतं, आणि मीच ते झाकायला लावलं.