भारंबेकाकांचा असल कागद

काशिनाथ भारंब्यांनी चूक केली, मोठी केली, त्यात दुमत नाही. पण त्यांना नावं ठेवणारे जे बुऱ्हाणपुरात आहेत ना, त्यांनी आधी स्वतःच्या खिशात हात घालावा. गाडीचं लायसन्स काढा बघू. निघाली ना झेरॉक्स? तीही लॅमिनेशन केलेली! असल कुठंय? घरी, कपाटात. मग भारंबेकाकांनी जगावेगळं काय केलं?

माणूस मूळचा रावेरकडचा. बाप नेपानगरच्या कागद मिलमध्ये लागला आणि पुढे काशिनाथही तिथंच चिकटले. पस्तीस वर्षं कागद तपासला. नुसता बोटांत धरून सांगायचे, यात बांबू किती आणि सलाईचं लाकूड किती. रिटायर झाल्यावर बुऱ्हाणपुरात दोन खोल्यांचं घर बांधलं, आणि मग रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत अख्खी गल्ली फॉर्म घेऊन त्यांच्या ओट्यावर. पैसा घ्यायचे नाहीत. जवळच्या फोपनार गावचा एखादा शेतकरी केळीची फणी ठेवून जायचा, तेवढंच. उठताना प्रत्येकाला एकच मंत्र मिळायचा: "असल घरात, नक्कल खिशात. समजलं का?"

हा मंत्र आला कुठून, तेही ऐका. काशिनाथ लहान असताना घरच्या रेडिओलासुद्धा लायसन्स लागायचं, पोस्टातून. बापानं त्याचं पुस्तक सदऱ्याच्या खिशात ठेवलं, आईनं सदरा तापीवर नेऊन धोपटला, आणि पुस्तकाचा झाला लगदा. पुढच्याच महिन्यात तपासणीस आला आणि रेडिओ उचलून घेऊन गेला. पोरगं आठ दिवस धड जेवलं नाही. हसू नका. आठ वर्षांच्या जीवाला ते मरणासारखंच असतं.

त्यांना मुलं दोन. थोरला मनोज सुरतला नोकरीला, त्याची बायको अर्चना इथंच सासू-सासऱ्यांजवळ. धाकटी निशा, ती झाली पायलट! बँकेचं कर्ज, शिष्यवृत्ती, आईच्या पाटल्या, कसं कसं झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक. इंदूरच्या एका शेठच्या खासगी विमानावर ती दुसरी पायलट म्हणून लागली. सुट्टीत आली की भागीरथीबाई तिला समोर बसवून विचारायच्या, "वरून आपलं घर दिसतं का गं?" निशा म्हणायची, "तापी दिसते, आई. त्या काठाला जैनाबाद, ह्या काठाला तू." बाई खूश.

विमान परदेशी न्यायचं म्हणजे कागदांचं बाड लागतं. विमानाच्या नोंदणीचा कागद, ते उडण्यालायक असल्याचा दाखला, त्यातल्या रेडिओचं लायसन्स, आणि पायलटला रेडिओवर बोलायचं असतं म्हणून त्याचं वेगळं लायसन्स. निशाचं हे बोलण्याचं लायसन्स रजिस्टर पोस्टानं आलं ते कायमच्या पत्त्यावर, म्हणजे बुऱ्हाणपूरला. काशिनाथांनी लिफाफा फोडला. रेडिओचं लायसन्स! दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. मग स्वतः दुकानात उभं राहून, जाड कागद निवडून, रंगीत नक्कल काढून घेतली. लॅमिनेशन केलं. असल पेटीत गेलं, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत. दिवाळीला निशा आली, तेव्हा पाकीट तिच्या हातात दिलं. ती घाईत होती. तिनं ते तसंच बॅगेत टाकलं.

देशातल्या देशात सहा महिने कुणी विचारलं नाही. मे महिन्यात शेठला घेऊन विमान आखातात गेलं, आणि तिथल्या तपासणीसानं सगळे कागद मागितले. निशाचं लायसन्स त्यानं उजेडासमोर धरलं आणि बाजूला ठेवलं. असल आणा, तोवर हिला उडता येणार नाही. त्या विमानाला पायलट दोन लागतात, म्हणजे विमानही जागच्या जागी. शेठ तिकीट काढून दुसऱ्या विमानानं निघून गेले. निशा मात्र पायलटच्या कागदावर उतरलेली, व्हिसा नाही. ज्या विमानानं आली त्याच विमानानं तिनं परत जायचं.

आणि इकडे भागीरथीबाईंचं हृदय थकलेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते समजायचं. बाई शुद्धीवर होत्या. एकच विचारायच्या, "निशा निघाली का?"

निशाचा फोन काशिनाथांनीच घेतला. "बाबा, माझं रेडिओचं लायसन्स... तुम्ही दिलं ते असल नव्हतं का?"

काशिनाथ पेटीकडे बघत म्हणाले, "असल तर घरी आहे, बेटा. पेटीत. सुखरूप आहे."

 मग ती म्हणाली, फोटो चालणार नाही, असलच लागेल. शेठच्या ऑफिसातला माणूस उद्या संध्याकाळच्या विमानानं इंदूरहून तिकडे निघतोय. चारच्या आत कागद त्याच्या हातात पडला, तर परवा ती घरी.

सकाळी शेजारचा योगेश मोटरसायकल घेऊन दारात हजर. "काका, मेरे को दे दो ना. मी घेऊन जातो, तुम्ही काकूंपाशी थांबा." सोन्यासारखा पोरगा, कामाचा पक्का. बिछान्यातून भागीरथीबाईंनीही हात हलवला. "द्या ना त्याला. तुम्ही कुठं चालले?"

आता इथं, बघा, इथं माणसाचा राग येतो. द्यायचं की नाही? पण त्यांनी पाहिलं योगेशच्या शर्टाच्या खिशाकडे, त्यात पेन, तंबाखूची पुडी, मोबाईल. आणि आयुष्यभराची सवय आडवी आली. "असल कागद आहे, बाबा. परक्या हाती कसा देऊ? मी जाऊन येतो. रात्री घरी." बायकोला म्हणाले, "निशाला आणायलाच चाललोय असं समज."

 बाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

सातची बस. असीरगढचा घाट चढेपर्यंत काशिनाथांनी तीनदा पिशवी चाचपली. खंडवा गेलं, नर्मदा गेली. दीड वाजता इंदूरला उतरले, ऑफिस शोधलं, त्या माणसाच्या हातात कागद दिला आणि सवयीनं पावतीसुद्धा मागितली. त्यानं बिचाऱ्यानं कोऱ्या कागदावर लिहून दिली. काम फत्ते! बसमध्ये बसल्यावर त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले. आणि चार वाजून वीस मिनिटांनी अर्चनाचा फोन आला.

"बाबा," ती म्हणाली, "आई गेल्या."

घरी पोचायला नऊ वाजले. सकाळीच सुरतहून निघालेला मनोज येऊन बसलेला होता. सगळे पांगल्यावर अर्चनानं सासऱ्यांना मागच्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं. "शेवटी शेवटी त्या निशाताईंचंच नाव घेऊन राहिल्या होत्या. मला बघवेना. मी हात हातात घेतला नि म्हटलं, आई, मी आले, मी निशा. त्यांनी माझी बोटं चाचपली. म्हणाल्या, 'अर्चना, तू कशाला खोटं बोलते? ती नाही ना आली?' मी रडायलाच लागले, बाबा. मग त्यांनी विचारलं, 'अन् हे? हेपण नाही?' बस, तेवढंच."

काशिनाथ खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं नाही. पाणी आलं असतं तर बरं झालं असतं.

मे महिन्याचं ऊन, ठेवणं शक्य नव्हतं. सकाळी तापीच्या घाटावर सगळं उरकलं. निशा पोचली ती तिन्हीसांजेला, विमानातल्याच पांढऱ्या शर्टावर. ओट्यावर बाप बसलेला. त्यांनी मनाशी ठरवलं होतं, ही बोलेल ते ऐकून घ्यायचं, चार माणसांत बोलली तरी मान खाली घालून ऐकायचं.

ती त्यांच्या पायाशी पायरीवर बसली. "माझं चुकलं, बेटा," काशिनाथ म्हणाले. "माझ्यापायी तुला आई दिसली नाही."

"मी तरी कुठं बघितलं, बाबा? महिनोन् महिने बॅगेत होतं. कागद तुमच्या हातून आला, म्हणून मी एकदाही नीट पाहिला नाही."

यापेक्षा तिनं चपलेनं हाणलं असतं तर परवडलं असतं.

थोड्या वेळानं निशानं विचारलं, "आई काय म्हणाली शेवटी? माझी वाट बघत होती?"

पाण्याचा तांब्या घेऊन अर्चना उंबऱ्यात उभी होती. तिनं तोंड उघडलं, पण काशिनाथांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि ती गप्प झाली.

"अर्चनानं हात धरला होता तिचा," काशिनाथ म्हणाले. "तुझाच हात आहे असं समजली ती. म्हणाली, आली का गं. आणि मग शांत झोपली."

"खरंच?"

"मी जवळच होतो ना. कागद घेऊन योगेश गेला होता."

निशानं बापाच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली. "बरं झालं, बाबा. तेवढं तरी बरं झालं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. काशिनाथ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले, आणि अर्चनानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि ती आत निघून गेली.